मागची दोन चाकं

नवी गाडी घेतली की आपल्याकडे ठरलेले प्रश्न येतात. ॲव्हरेज किती? एसी कसा आहे? डिकीत किती सामान मावतं? फार झालं तर एखादे काका "पिकअप कसाय?" म्हणून विचारतात. पण "मागची दोन चाकं एकमेकांना जोडलेली आहेत की सुटी आहेत?" असं विचारणारा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. खरं तर मागच्या सीटवर बसणाऱ्याची कंबर, घाटातल्या वळणावरची गाडीची वागणूक आणि तीस हजार किलोमीटरनंतर मेकॅनिकचं बिल, या तिन्ही गोष्टी या प्रश्नाशी जोडलेल्या आहेत. आणि या प्रश्नापायी माणसंही मेली आहेत. म्हणून आज जरा त्याबद्दल. (ज्यांना गाड्यांचा कंटाळा आहे त्यांनी घाबरू नये. गणित नाही, फक्त गोष्टी आहेत.)

आधी मूळ मुद्दा. बैलगाडी डोळ्यासमोर आणा. एक आडवी आस, तिच्या दोन टोकांना दोन चाकं. डावं चाक दगडावर चढलं की आस तिरकी होते आणि उजवं चाकही कलतं. एकाचं दुखणं दुसऱ्याला भोगावं लागतं. एकत्र कुटुंबच म्हणा ना. मोटारीतही सुरुवातीला हेच आलं. फरक एवढाच, की मोटारीत मागच्या आसेला नुसतं चाक धरायचं काम नसतं, चाक फिरवायचंही असतं. त्यामुळे ती आस पोकळ झाली, तिच्या पोटात शाफ्ट आले आणि मध्यभागी डिफरन्शियलचा तो भोपळ्यासारखा गोळा आला. ट्रकच्या मागे अडकलात की जो समोर दिसतो, तोच. हा सगळा डोलारा भरपूर जड असतो आणि स्प्रिंगच्या खाली असतो. म्हणजे प्रत्येक खड्ड्यात हे लोखंड वर उसळतं आणि मग खाली आदळतं. स्प्रिंगने कितीही जीव तोडून काम केलं तरी एवढ्या वजनाला आवरणं कठीण. बसच्या शेवटच्या बाकावर बसून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक चाकाला आपापलं बिऱ्हाड. डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला पक्कं बांधायचं, त्यातून दोन्ही बाजूंना सांधे असलेले शाफ्ट काढायचे आणि प्रत्येक चाकाने आपापला खड्डा आपल्यापुरता निस्तरायचा. हे म्हणजे इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन. ऐकायला इतकं सरळ वाटतं, की मग सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून हेच का नाही केलं, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर म्हणजेच ही सगळी गोष्ट.

कल्पना नवी नाहीच मुळी. एडमुंड रुम्पलर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरने १९०३ मध्येच स्विंग ॲक्सलचं पेटंट घेतलं होतं. त्यात आस मधोमध तोडलेली असते आणि डिफरन्शियलपाशी बिजागरी असते. पक्षी पंख हलवतो तशी दोन्ही बाजू वरखाली हलतात. हान्स लेडविंका या दुसऱ्या ऑस्ट्रियनाने १९२३ च्या टाट्रा ११ मध्ये ही रचना मागे वापरली. मर्सिडीझने १९३१ च्या आपल्या १७० मॉडेलमध्ये चारही चाकं सुटी केली. पुढे फर्डिनांड पोर्शच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये, म्हणजे जगात सर्वाधिक खपलेल्या गाड्यांपैकी एकीत, मागे हाच स्विंग ॲक्सल होता. स्वस्त, हलका, आणि मध्य युरोपातल्या खराब रस्त्यांवर भलताच आरामदायक.

पण त्यात एक खोट होती. स्विंग ॲक्सलला चाकाजवळ सांधा नसतो, फक्त मध्ये असतो. त्यामुळे चाक वरखाली झालं की ते सरळ न राहता कलतं. सरळ रस्त्यावर ठीक आहे. आता जोरात वळण घ्या. गाडीचा सगळा भार बाहेरच्या चाकावर येतो. टायर रस्त्याला धरून ठेवतो आणि तो आतल्या दिशेचा जोर गाडीचा मागचा भाग वर उचलायला लागतो. गाडी उचलली गेली की चाक आणखी खाली दुमडतं. ते दुमडलं की टायरचा फक्त काठ रस्त्यावर टेकतो. आणि मग पकड एकदम सुटते. हळूहळू नाही, एकदम! घाबरलेला ड्रायव्हर अशा वेळी साहजिकच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. त्याने वजन पुढे जातं, मागचा भाग आणखी उचलला जातो आणि गाडी गिरकी घेते. म्हणजे माणूस सहजप्रेरणेने जे करतो तेच नेमकं घातक.

हे इंजिनिअर लोकांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. रेसिंगवाल्यांना तर फार लवकर कळलं. मर्सिडीझच्या १९३४ च्या डब्ल्यू२५ या ग्रां प्री गाडीला मागे स्विंग ॲक्सल होता. १९३७ च्या डब्ल्यू१२५ मध्ये त्यांनी तो काढून टाकला आणि चक्क दोन्ही चाकं पुन्हा एका नळीने जोडली. १९३८ मध्ये प्रतिस्पर्धी ऑटो युनियननेही तेच केलं. ही नळी म्हणजे 'द दिओं ॲक्सल'. डिफरन्शियल सांगाड्यावर, म्हणजे जड वजन स्प्रिंगच्या वर, पण दोन्ही चाकं एका हलक्या नळीने जोडलेली, त्यामुळे ती कायम उभीच राहतात. गंमत म्हणजे ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली! फ्रान्समधल्या द दिओं-बूताँ कंपनीची. आणि ती काढली होती काउंट द दिओंने नाही, तर त्याचा भागीदार शार्ल त्रेपार्दू याने. हा गृहस्थ वाफेच्या इंजिनाचा कट्टर भक्त. कंपनी पेट्रोलकडे वळली तेव्हा, १८९४ मध्ये, तो रागावून निघून गेला. आस त्याची, नाव काउंटचं. असो. हे सगळ्याच क्षेत्रांत चालतं.

तर सांगायचा मुद्दा, १९३८ पर्यंत स्विंग ॲक्सलचे गुणदोष जगजाहीर होते. आणि तरीही बावीस वर्षांनी अमेरिकेत जे व्हायचं ते झालंच.

१९६० च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेअर आणली. अमेरिकन मानाने हे धाडसच होतं. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारं, सहा सिलिंडरचं. मागची चाकं सुटी, स्विंग ॲक्सलवर. तेव्हाच्या साध्यासुध्या अमेरिकन गाड्यांच्या मागे कमानपाट्यांवर बसवलेली सरळ आस असायची. त्यांच्यात ही गाडी फारच पुढारलेली वाटली. मोटर ट्रेंड मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरवलं. शेव्हरोलेचे प्रमुख एड कोल यांचं हे लाडकं अपत्य.

आता मागे इंजिनाचं वजन, त्यात स्विंग ॲक्सल. यावर उपाय होते. पुढच्या बाजूला एक अँटी-रोल बार बसवला असता तर गाडीचा स्वभाव बराच सुधारला असता. पण प्रत्येक गाडीमागे काही डॉलर वाचवायचे म्हणून तो सुरुवातीला दिला गेला नाही. त्याऐवजी टायरच्या हवेवर भिस्त ठेवली. पुढे १५ पौंड, मागे २६. पुढची चाकं मऊ ठेवली की ती आधी घसरतील आणि मागची टिकून राहतील असा हिशोब. कागदावर बरोबर! पण पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोऱ्याला हा हिशोब कोण सांगणार? त्याने चारही चाकांत सारखी हवा भरली की सगळं गणित कोलमडलं. ज्या गाडीची सुरक्षितता मॅन्युअलमधल्या एका ओळीवर टांगलेली आहे ती गाडी पूर्ण झालेली नाही, असं आपलं मला वाटतं. सामान्य माणूस मॅन्युअल वाचत नाही हे गाडी बनवणाऱ्याने गृहीतच धरायला हवं.

अपघात झाले. शंभराहून जास्त दावे कोर्टात गेले. जानेवारी १९६२ मध्ये एर्नी कोव्हॅक्स हा टीव्हीवरचा लोकप्रिय विनोदी नट लॉस एंजेलिसमध्ये कॉर्व्हेअर चालवताना अपघातात गेला. १९६४ च्या मॉडेलला कंपनीने मागे एक आडवा पाटा दिला, पुढे अँटी-रोल बारही दिला, आणि १९६५ मध्ये तर मागचं सगळं सस्पेन्शनच बदललं. नव्या शाफ्टला दोन्ही टोकांना सांधे होते. म्हणजे दुरुस्ती झाली होती. आणि नेमकं त्याच वर्षाच्या शेवटी राल्फ नाडर या तरुण वकिलाचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर.

पुस्तक कदाचित विसरलंही गेलं असतं. पण जनरल मोटर्सने नाडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. त्याचं काही लफडं सापडतं का, हे शोधायला! हे उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. नाडरने खासगी आयुष्यावर आक्रमण केल्याचा दावा लावला तो १९७० मध्ये ४,२५,००० डॉलरवर मिटला, आणि ते पैसे त्याने ग्राहक चळवळीत घातले. कॉर्व्हेअर १९६९ मध्ये बंद पडली.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती. खलनायक ठरला, नायक ठरला, टाळ्या. पण १९७२ मध्ये अमेरिकन सरकारच्याच वाहतूक सुरक्षा संस्थेचा अहवाल आला. जुन्या कॉर्व्हेअरची इतर समकालीन गाड्यांबरोबर चाचणी घेतली होती. निष्कर्ष असा, की १९६० ते ६३ ची कॉर्व्हेअर ताबा सुटण्याच्या बाबतीत त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वेगळी धोकादायक नव्हती. नाडरला हा अहवाल मान्य झाला नाही. आजही दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात.

मला यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. गाडी इतरांपेक्षा वाईट नसेलही. पण "इतरांइतकीच" हे उत्तर, कुठे चुकतं आहे हे माहीत असूनही काही डॉलरसाठी तो बार न लावणाऱ्याला शोभत नाही. कायदा झाला तो कॉर्व्हेअर सर्वांत वाईट होती म्हणून नाही, तर असे हिशोब बंद दाराआड होत होते म्हणून. आज आपल्या गाडीत जे सीटबेल्ट आणि जे क्रॅश टेस्टचे तारे आपण बघतो, त्यांच्या वंशावळीत हा स्विंग ॲक्सल कुठेतरी आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या पिढीच्या आठवणीतल्या गाड्या दोनच. अँबॅसिडर आणि फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी. दोन्हींना पुढे सुटी चाकं आणि मागे सरळ आस, कमानपाट्यांवर. पण तिसरीही एक गाडी होती. स्टँडर्ड हेराल्ड! मद्रासला बनायची, १९६१ पासून. मूळची इंग्लंडमधली १९५९ ची ट्रायम्फ हेराल्ड, इटालियन मिकेलोत्तीने रेखाटलेली, देखणी. आणि तिच्या मागे स्विंग ॲक्सल, आडव्या पाट्याला टांगलेला. म्हणजे साठच्या दशकात भारतात इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शनची गाडी विकत मिळत होती. चार दारांची हेराल्ड तर खास आपल्यासाठी इथेच काढली होती.

पुढे काय झालं? १९७२ मध्ये स्टँडर्डने तिची सुधारित आवृत्ती 'गझेल' आणली आणि सुधारणा काय केली, तर स्विंग ॲक्सल काढून टाकला आणि मागे सरळ आस बसवली! इथल्या गिऱ्हाइकांना आणि मेकॅनिकांना तो प्रकार मानवला नव्हता. कारण समजायला अवघड नाही. आपल्याकडे चार माणसांच्या गाडीत सात बसतात, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि टपावर वळकटी. मागे एवढा भार आला की स्विंग ॲक्सलची चाकं वरून आत कलतात, पाय फेंगडे करून उभं राहिल्यासारखी. टायर आतल्या बाजूने झिजतात. पाटा बसला की हे कायमचंच. सरळ आस कितीही भार टाका, चाकं उभीच. शिवाय पाटा तुटला तर हायवेवर दर दहा मैलांवर 'कमानपाटे' अशी पाटी रंगवलेला माणूस बसलेला असतो. सांधे, बुश आणि चाकांचे कोन जुळवायला तेव्हा तालुक्याच्या गावी कोण होतं?

आमच्या घरात या विषयावर एक जुना वाद आहे. आमचे एक मामा ठामपणे म्हणायचे, "भारतीय माणूस मागासलेलं तंत्रज्ञान मागतो म्हणून त्याला तेच मिळतं." मला हे पटत नाही. ज्या रस्त्यावर गाडी चालवायची, ज्या भाराने चालवायची आणि ज्याच्या हातून दुरुस्त करून घ्यायची, ते सगळं धरून जी चांगली ती चांगली. फ्रेंच प्यूजो ५०४ चं उदाहरण घ्या. १९६८ च्या त्या गाडीला मागे सुटी चाकं होती, पण तिच्याच स्टेशन वॅगनला मात्र सरळ आस. कारण वॅगनमध्ये सामान भरायचं होतं. फ्रेंच इंजिनिअरला कुणी मागासलेला म्हणत नाही.

आणि आपण ज्याला सर्वांत साधं वाहन समजतो ती आपली पुण्याची रिक्षा, तिची मागची चाकं सुटी असतात हे तुम्ही कधी पाहिलंय का? पुढच्या वेळी वाकून बघा. इंजिन मागे, त्यालाच जोडलेलं डिफरन्शियल, दोन्ही बाजूंना छोटे शाफ्ट, आणि प्रत्येक चाक आपापल्या दांड्यावर. अँबॅसिडरमधून फिरणाऱ्या मंत्र्याला जे नव्हतं ते स्टेशनवरून मंडईत जाणाऱ्या आजीबाईंना होतं! तरीही रिक्षात हाडं खिळखिळी का होतात? कारण चाकं इवलीशी, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी, वजन कमी. म्हणजे सुटी चाकं म्हणजे आपोआप आराम, असंही नाही.

जगात पुढे काय झालं ते थोडक्यात. स्विंग ॲक्सलचा दोष काढून सुटी चाकं ठेवायची, यावर बरीच डोकी लागली. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपने शाफ्टलाच वरचा दांडा म्हणून वापरलं. बीएमडब्ल्यूने तिरक्या दांड्यांची पद्धत घेतली. १९८२ च्या मर्सिडीझ १९० ने प्रत्येक मागच्या चाकाला पाच दांडे दिले, आणि आज महागड्या गाड्यांत सापडतं ते बहुतेक त्याच कुळातलं. दुसरीकडे पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांनी सत्तरीच्या दशकात मधला मार्ग काढला. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फसारख्या गाड्यांत मागे एक पीळ खाणारी तुळई असते, जोडलेली पण नाही आणि पूर्ण सुटी पण नाही. आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत हेच असतं. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर मुलगा, खालच्या मजल्यावर आईवडील, तसा प्रकार.

आणि नॅनो आठवते? २००९ ची. इंजिन मागे, मागची चाकं सुटी. कॉर्व्हेअरचीच मांडणी म्हणायची. पण तिचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद होते, पुढे १३५ आणि मागे १५५ मिलिमीटर. जे काम कॉर्व्हेअरने हवेच्या आकड्यावर सोडलं होतं ते इथे टायरच्या रुंदीतच पक्कं केलं होतं. मॅन्युअल न वाचणाऱ्या माणसाची काळजी घेणं म्हणतात ते हे.

अमेरिकेत मात्र सरळ आसेचे भक्त अजून आहेत. फोर्ड मस्टँग १९६४ पासून जवळजवळ पन्नास वर्षं सरळ आसेवर धावली. मधे १९९९ पासून 'कोब्रा' या खास आवृत्तीला काही वर्षं सुटी चाकं दिली, तर ड्रॅग रेसिंगवाल्यांनी ती काढून सरळ आस बसवून घेतली! सगळ्या मस्टँगना सुटी चाकं मिळाली ती २०१५ च्या मॉडेलपासून.

आपल्याकडे हा वाद आता एकाच कारखान्यात नांदतो. पुण्याजवळ चाकणला महिंद्रने २०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० काढली, तिची मागची चाकं पूर्ण सुटी. पुढच्याच वर्षी तिथूनच स्कॉर्पिओ-एन आली, तिला मागे सरळ आस. फक्त ती आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून तिला 'वॅट्स लिंकेज' नावाची दांड्यांची जुळणी लावली आहे. हा वॅट म्हणजे वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट! त्याने १७८४ मध्ये पिस्टनचा दांडा सरळ रेषेत हलावा म्हणून काढलेल्या युक्तीतून हे आलं आहे. वॅटला स्वतःला आपल्या सगळ्या शोधांत याचाच जास्त अभिमान होता म्हणे.

म्हणजे बघा, जुनं ते टाकाऊ नसतं आणि नवं ते आपोआप चांगलं नसतं, हे तर आहेच. पण मला यातून जास्त बोचतं ते वेगळं. रुम्पलरची कल्पना चांगलीच होती. ती माणसांच्या जिवावर आली ती अर्धवट अमलात आणल्यामुळे, एक बार वाचवल्यामुळे. सरळ आस निदान आपल्या मर्यादा पहिल्याच खड्ड्यात सांगून टाकते. अर्धवट केलेली सुधारणा मात्र शेवटच्या वळणापर्यंत गोड वागते.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. तिच्या मागच्या सीटवर बसून आपण सगळ्यांनी कधी ना कधी कण्हत प्रवास केला आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणाची नवी गाडी पाहायला जाल तेव्हा ॲव्हरेज विचारून झाल्यावर जरा मागे जाऊन, वाकून बघा. शेजारचे हसतील, हसू देत. आणि काय दिसलं ते मला नक्की कळवा.